बातमी वाढीची, हातात पेन्शन कमी: पोलीस घरातल्या मावशींचा हिशेब

आम्ही बचत गटातल्या सगळ्या आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय. भाकरीचं पीठ मळता मळता ऐका, वाती वळता वळता ऐका, पण मध्ये एकदा हिशेब येईल, तेव्हा जरा कान इकडे द्या. हिशेब अवघड नाही. गटाचं व्याज काढता येतं त्या बाईला हा हिशेब नक्की येतो.

आजचा विषय आहे रिटायर झालेल्या पोलिसांच्या पेन्शनमधली महागाई वाढ. तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठं पोलीस? पण गावात बघा. कुणाचा भाऊ पोलिसात, कुणाचा दीर, कुणाचा जावई. आणि रिटायर झालेला शिपाई किंवा हवालदार शहरातली पोलीस लाईन सोडून शेवटी गावाकडंच येतो. तो गेल्यावर पेन्शन त्याच्या बायकोच्या नावावर येते, आणि कागद काय म्हणतो ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या गटात अशाच एक मावशी आहेत. सगळं गाव त्यांना हवालदारीण मावशी म्हणतं. त्यांच्या परवानगीनं त्यांची गोष्ट सांगतोय. आकडे मात्र त्यांचे नाहीत. समजायला सोपे जावेत म्हणून आम्ही गोल आकडे घेतलेत.

मावशींचे मालक पोलीस हवालदार म्हणून २०१६ साली, ५८ व्या वर्षी रिटायर झाले. नोकरीत असताना गणपती बंदोबस्तात, दिवाळी बंदोबस्तात. मावशी सांगतात, लग्नानंतर पहिली निवांत दिवाळी त्यांनी रिटायर झाल्यावरच बघितली. गावात दोन खोल्या बांधल्या आणि तीन वर्षांत मालक गेले. मावशींच्या नावावर फॅमिली पेन्शन सुरू झाली. सरकारी कागदावर तिला कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात. मावशींना लिहिता-वाचता बेताचंच येतं, म्हणून एटीएमचं कार्ड मुलाकडं. तो तालुक्याला गेला की पैसे काढून आणायचा आणि आईच्या हातात द्यायचा. चार वर्षं असंच चाललं.

मग आला २०२३ चा पावसाळा. त्याच सुमारास बातमी आली की राज्यातल्या पेन्शनवाल्यांची महागाई वाढ ३८ टक्क्यांवरून ४२ टक्के झाली. शेजारची बाई मावशींना म्हणाली, काय मावशी, आता पेढे पाहिजेत! मावशीही खुश. आणि पुढच्या महिन्यात मुलानं आणून दिलेले पैसे मोजले, तर नेहमीपेक्षा दहा-अकरा हजारांनी कमी. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेवढेच.

आता तुम्हीच सांगा, कुणाच्या मनात काय येईल? बातमी वाढल्याची आणि हातात घटलेली रक्कम. मावशींच्या मनात आलं की पोरगा पैसे मारतोय. सुनेनं शिकवलं असणार. पोरगा सांगत होता की खात्यातच कमी आलेत, पण मावशी ऐकेनात. महिन्याभरात एका घरात दोन चुली झाल्या. नातू मधल्या दारात उभा राहायचा आणि त्याला कळायचं नाही की जेवायला कुणाकडं जायचं.

मावशी गटाच्या बैठकीत पाच हजारांचं कर्ज मागायला आल्या. इथं आम्हाला आमचीही चूक कबूल करायची आहे. आमच्यातली एक तोंडावर बोलली की सरकारी पेन्शन खाणाऱ्या बाईला कर्ज कशाला पाहिजे? बाकीच्या आम्ही गप्प बसलो, म्हणजे मनातून आम्हालाही तसंच वाटत होतं. मावशी उठून गेल्या. दोन दिवस आम्हाला चैन पडलं नाही. मग आमची हिशेब लिहिणारी मुलगी म्हणाली, चला, मावशींचं पासबुक तरी बघू.

पासबुक बँकेत नेऊन भरून घेतलं. त्यात स्वच्छ दिसलं. मुलानं काढलेले पैसे बरोबर होते. खात्यात जमाच कमी झाले होते. जुलैपासून जमेचा आकडाच खाली आला होता. म्हणजे पोरानं एक रुपया घेतलेला नव्हता.

मग कमी का झाले? मावशींनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. त्यात मालकांचा पट्टा होता, टोपी होती, बदलीचे कागद होते, आणि तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक आदेश होता. त्याला निवृत्तिवेतन प्रदान आदेश म्हणतात, बोलताना पीपीओ. महालेखापालांच्या कार्यालयातून तो निघतो. त्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. फॅमिली पेन्शन अमुक तारखेपर्यंत वाढीव दरानं, आणि त्यानंतर अमुक दरानं. दोन आकडे आणि मधली तारीख. चार वर्षं ती तारीख पेटीत होती. मावशींना ती कुणी वाचून दाखवली नव्हती.

आता तो हिशेब ऐका. पेन्शनचे दोन भाग असतात. एक मूळ पेन्शन आणि दुसरी त्यावरची महागाई वाढ. नोकरीत असलेल्यांना मिळतो तो महागाई भत्ता, म्हणजे डीए. रिटायर झालेल्यांना मिळते तिला महागाई वाढ म्हणतात. दर दोघांचा सारखाच.

मूळ पेन्शन कशी ठरते? जुन्या पेन्शन योजनेत पूर्ण नोकरी केलेल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. समजा शेवटचा मूळ पगार ४०,००० होता, तर पेन्शन २०,०००. रिटायर झाल्यावर माणूस गेला, तर बायकोला आधी काही काळ वाढीव दरानं मिळते. हा काळ म्हणजे सात वर्षं, किंवा तो माणूस हयात असता तर ज्या दिवशी ६५ वर्षांचा झाला असता तो दिवस, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर फॅमिली पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. म्हणजे आपल्या उदाहरणात २०,००० वरून १२,०००. मावशींचे मालक असते, तर जून २०२३ मध्ये ६५ वर्षांचे झाले असते. म्हणून जुलैत आकडा खाली आला.

आता त्यावर महागाई वाढ चढवा. २०,००० वर ४२ टक्के म्हणजे ८,४००. दोन्ही मिळून २८,४००. मावशींना एवढे येतील असं वाटत होतं. पण मूळच १२,००० झाली होती. १२,००० वर ४२ टक्के म्हणजे ५,०४०. दोन्ही मिळून १७,०४०. बातमी खोटी नव्हती, टक्का खरंच वाढला होता. पण टक्का ज्याच्यावर चढतो ते मूळ घटलं होतं. ऊस जास्त भावानं गेला, पण शेतातला ऊसच निम्मा झाला, तर बिल कमीच येणार. मावशींना आम्ही असंच समजावलं. त्या म्हणाल्या, असं उसानं सांगितलं असतं तर मला कळलं असतं की गं.

आम्ही चौघी मावशींबरोबर जिल्ह्याच्या कोषागारात गेलो. राज्य सरकारची पेन्शन तिथून निघते आणि बँकेत जमा होते. तिथं पीपीओ दाखवून विचारलं, तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. नियमानं झालंय, चूक नाही. घटलेले पैसे काही परत आले नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी मावशी सुनेच्या चुलीपुढं जाऊन बसल्या. काय बोलल्या ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घरात चूल एकच पेटली.

मैत्रिणींनो, आता महागाई वाढ कशी ठरते ते थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो दर महिन्याला बाजारभावाचा एक निर्देशांक काढतो. देशातल्या ८८ ठिकाणी कामगारांच्या घरात लागणाऱ्या वस्तूंचे भाव बघतात. आपल्याकडचं मुंबई, नागपूर, सोलापूर त्यात आहे. धान्य, डाळ, तेल, कपडे, घरभाडं, औषध, प्रवास असं सगळं त्यात धरतात. बारा महिन्यांची सरासरी काढून भाव किती चढले ते बघतात आणि टक्का ठरवतात. वर्षातून दोनदा, १ जानेवारीपासून आणि १ जुलैपासून. आधी केंद्र जाहीर करतं, मग आपलं राज्य आपला शासन निर्णय काढतं. मध्ये काही महिने जातात, म्हणून थकबाकी येते.

२०१६ साली सातव्या वेतन आयोगाची पेन्शन धरली, तेव्हा आधीची महागाई मुळात मिसळली आणि टक्का पुन्हा शून्यापासून सुरू झाला. १ जानेवारी २०२४ पासून तो ५० झाला, १ जुलै २०२४ पासून ५३, आणि १ जानेवारी २०२५ पासून ५५. हा ५५ चा निर्णय राज्यात ऑगस्ट २०२५ मध्ये निघाला. म्हणजे जानेवारी ते जुलै असे सात महिने थकबाकीचे. आपल्या १२,००० च्या मावशींना ५३ वरून ५५ होताना महिन्याला किती वाढले? १२,००० चे दोन टक्के, २४०. सात महिन्यांचे १,६८०. पेन्शन झाली १८,६००.

२४० रुपये म्हणजे काय हो? एक तेलाची पिशवी आणि थोडी डाळ. इथं आम्हाला एक गोष्ट बोलायची आहे. टक्का सगळ्यांना सारखा, पण रक्कम सारखी नाही. मोठ्या साहेबांच्या घरी ज्यांची मूळ पेन्शन ६०,००० आहे, त्यांना त्याच दोन टक्क्यांचे १,२०० मिळतात. दुकानदार मात्र तेलाची पिशवी हवालदाराच्या बाईला आणि साहेबांच्या बाईला एकाच भावानं देतो. आणि तो निर्देशांक कामगाराच्या घराचा आहे. म्हाताऱ्या बाईचा खर्च वेगळा असतो. तिला साडी वर्षाला एक पुरते, पण बीपीची गोळी रोज लागते आणि तालुक्याच्या दवाखान्यात जायला रिक्षा लागते. तेव्हा महागाई वाढ आली म्हणजे म्हातारीचं भागलं, असं घरातल्यांनी समजू नये.

कधी कधी ही वाढ थांबतेही. करोनाच्या काळात केंद्र सरकारनं जानेवारी २०२० ते जून २०२१ अशी १८ महिने वाढ गोठवली होती आणि त्या काळाची थकबाकी दिली नाही. भाव काही त्या १८ महिन्यांत गोठले नव्हते.

पोलिसांचं आणखी एक आहे. शिक्षक, तलाठी, नर्स आपल्या मागण्यांसाठी संपावर जातात. पोलिसाला ते करता येत नाही. संघटना करण्यावरही १९६६ च्या कायद्यानं बंधनं आहेत. दुसऱ्यांचा मोर्चा असला की तो बंदोबस्ताला उभा. रिटायर झाल्यावर मात्र त्याला संघटनेत जाता येतं. बऱ्याच जिल्ह्यांत निवृत्त पोलिसांच्या आणि पेन्शनधारकांच्या संघटना आहेत. पण बैठकीला जातात ते पुरुष. विधवा बाई घरीच राहते, आणि फॅमिली पेन्शनचा प्रश्न तर तिचाच असतो. आमचं सांगणं आहे की बायांनो, बैठकीला जा. दोघी-तिघी मिळून जा.

आणि मनात संकोच ठेवू नका. सरकार फुकट देतंय, कशाला विचारायचं, असं मावशीही म्हणायच्या. १७ डिसेंबर १९८२ रोजी सुप्रीम कोर्टानं नाकारा खटल्यात निकाल दिला. तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पेन्शन ही सरकारच्या मर्जीची खैरात नाही, केलेल्या नोकरीतून मिळालेला हक्क आहे, असा त्या निकालाचा अर्थ. म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, नोकरी त्यांनी केली, पण रात्री दाराशी जागी मीच होते. मग हक्क माझापण झाला की.

आता कामाच्या गोष्टी. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, पीपीओ शोधा आणि वाचून घ्या. वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि त्यानंतर किती, हे दोन्ही आकडे आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. घट येणार हे आधी माहीत असलं, तर पोरीच्या लग्नाचं कर्ज तेवढं घेतलं जात नाही आणि घरात संशयही येत नाही. मालक हयात असतानाच दोघांनी बसून हा कागद वाचला, तर सगळ्यात चांगलं.

दुसरी गोष्ट, पासबुक दर तीन महिन्यांनी भरून घ्या. मूळ पेन्शनला त्या महिन्याच्या टक्क्यानं गुणा आणि शंभरानं भागा. ती झाली महागाई वाढ. ती मुळात मिळवा. जमा रक्कम तेवढी आहे का बघा. टक्का वाढल्याची बातमी आली, तर थकबाकी कोणत्या महिन्यांची ते विचारा. जमत नसेल तर गटात या.

तिसरी गोष्ट, पेन्शन विकण्याची. रिटायर होताना बरेच जण पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतात. मग दर महिन्याला पेन्शन कमी मिळते, आणि १५ वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. पण महागाई वाढ विकलेल्या भागासकट पूर्ण मूळ पेन्शनवर मिळते. आणि मालक गेले तर त्या विक्रीची कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही. तशी होत असेल तर लगेच विचारा. ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये वयाप्रमाणे जादा वाढ आहे. तीही विसरू नका. मावशींसारखं ज्यांच्या जन्मतारखेचा घोळ आहे, त्यांनी ती आत्ताच कागदोपत्री नीट करून घ्यावी.

चौथी गोष्ट, नोव्हेंबर महिना. हयातीचा दाखला या महिन्यात द्यायचा असतो. बँकेत जाऊन सही किंवा अंगठा द्या, नाहीतर जीवन प्रमाण वापरा. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात आणि अंगठा उठत नाही, त्यांचा चेहरा मोबाईलवर दाखवूनही दाखला होतो. दाखला राहिला तर पेन्शन थांबते.

पाचवी गोष्ट, फोन. महागाई वाढीची थकबाकी जमा करायचीय, ओटीपी सांगा, असा फोन आला तर ठेवून द्या. थकबाकी आपोआप जमा होते, तिला ओटीपी लागत नाही.

आणि शेवटी आमच्या तरुण मैत्रिणींसाठी. तुमचा नवरा किंवा तुम्ही स्वतः १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर पोलिसात लागला असाल, तर हा वरचा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. तुमच्या पगारातून दर महिन्याला कपात होते, सरकार त्यात भर घालतं, आणि त्या जमा पैशांतून पुढं पेन्शन येते. त्या पेन्शनला अशी दर सहा महिन्यांनी महागाई वाढ मिळत नाही. बाजार चढला तरी आकडा तोच. मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला तो यावरूनच. त्यानंतर राज्यानं सुधारित योजना आणली. तीत शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई वाढ आहे, पण ती विकल्प देणाऱ्याला. तेव्हा आज रात्री जेवताना नवऱ्याला विचारा, तुम्ही कोणत्या योजनेत आहात? विकल्प दिलाय का? मी मागं राहिले तर मला काय मिळेल? हे विचारण्यात अशुभ काही नाही. आमच्या मावशींनी विचारलं नव्हतं.

मावशींना गटानं पाच हजार दिले. त्यांनी दहा हप्त्यांत फेडले, एकही चुकला नाही. आता त्यांच्याकडं शंभर पानी वही आहे. त्यात नातू दर महिन्याला तीन आकडे लिहितो, मूळ, टक्का आणि जमा. परवा मावशी बैठकीत म्हणाल्या, टक्का वाढला की आता मी आधी विचारते, कशावर वाढला?

तुमच्या घरातल्या पेटीत असा कागद असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मिळून वाचू. आज इथंच थांबतो. काळजी घ्या, नमस्कार.